कोंड्यावर घेतलेला राजपुत्र

भामाकाकूंचा एक मुलगा विलायतेत राजपुत्र आहे, आणि तो नवऱ्याचा, काशिरामचा नव्हे, मुंबईच्या एका गोऱ्या साहेबाचा आहे, अशी आमच्या गल्लीत बोलवा होती. पनवेलच्या वडाळे तळ्याच्या मागच्या अंगाला, जिथे दुपारी धुणी वाळतात आणि संध्याकाळी माणसं वाळत बसतात, तिथे ही गोष्ट मीही पुष्कळदा चघळली आहे. वरच्या मजल्यावरच्या आशालताबाई तर त्या साहेबाच्या मिशांचं वर्णनही करायच्या. पण खरी गोष्ट वेगळी होती. भामाकाकूंनी तो मुलगा जन्माला घातलेलाच नव्हता. त्यांनी तो विकत घेतला होता. सूपभर कोंडा देऊन.

ज्यांच्या घरात कोंडिबा, धोंडिबा, केरबा असे आजे-पणजे होऊन गेले त्यांना यात नवल वाटणार नाही. मुलं जगत नसली की पुढचं मूल आईने सुपात घालून उकिरड्याशी ठेवायचं. दुसरीने ते उचलायचं आणि मोबदल्यात कोंडा द्यायचा. वरून जी कोणी टपून बसलेली असते तिला वाटतं, हे तर कोंड्याच्या किमतीचं, तेही दुसऱ्या घरचं, याला नेऊन काय करायचं. मग सख्खी आई त्याला परक्याचं पोर म्हणून वाढवते, नाक टोचते, फाटकं नेसवते, चुकूनही गोंडस म्हणत नाही. पुढे त्याच्या लग्नाआधी कधीतरी तेवढाच कोंडा देऊन परत घ्यायचं, की व्यवहार मिटला. भामाकाकूंच्या बाबतीत फरक इतकाच, की त्यांनी घेतलेल्या पोराच्या आजोबांचं एके काळी संस्थान होतं.

भामाकाकू मूळच्या जासईच्या. माहेर मिठागरावरचं, त्यामुळे पायांना ते जन्माचे चिरे. मी सांगतो आहे त्या एक्क्याण्णव सालात त्या साठीच्या पुढे होत्या. काशिराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आनंदा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा, सून जनी घर चालवायची, आणि नात अंकिता सगळ्यांना चालवायची. भामाकाकूंचं काम म्हणजे बाळंतिणीला शेक आणि बाळाला तेल-पाणी. जुन्या पनवेलात तीस वर्षांत जन्मलेल्या निम्म्या डोक्यांना त्यांनी आकार दिला आहे. काही डोकी अजूनही चपटी आहेत, पण तो दोष मी त्यांच्यावर घालणार नाही.

त्यांची एकच अट असायची, बाळाची तारीफ करायची नाही. आमचा स्वानंद तान्हा असताना माझी आत्या म्हणाली, "काय गोड आहे गं." भामाकाकूंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"गोड कसला. वांगा हाय वांगा, तो पन किडका."

आत्या त्या दिवशी जेवली नाही. आम्ही मात्र हसलो. काकूंनी तेव्हा पटकन आढ्याकडे पाहिलं, हे फक्त माझ्या बायकोने, रमाने पाहिलं. पुढे रमानेच हळूहळू त्यांच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली, आणि रमाकडून मी काढून घेतली. तिच्यापेक्षा मला कमी वेळ लागला.

काशिराम मलबार हिलच्या उतारावर एका बंगल्यात माळी होता आणि भामाकाकू तिथेच आया. साहेबाचं नाव प्रिन्स कॉनराड. जर्मनीत कुठे तरी दोन टेकड्यांच्या मध्ये हिर्शेनाऊ नावाचं त्यांचं राज्य होतं. आपल्या पनवेल तालुक्याएवढं असेल नसेल. एका लढाईत राज्य गेलं, दुसरीत पैसा गेला, आणि राहिला तो वाडा, त्याचंही छप्पर गळकं. म्हातारे राजेसाहेब एका दालनात राहायचे आणि बाकीची भाड्याने द्यायचे. थोरला काका डुकरं पाळायचा. एक आत्या लोकांच्या मुलांना पियानो शिकवायची. धाकटा कॉनराड रंगाच्या कंपनीत चिकटला आणि मुंबईत कापडगिरण्यांना रंग विकू लागला. "राजा कसला," भामाकाकू म्हणायच्या, "सकाली डबा घेऊन जायाचा, संध्याकाली निला हात घेऊन यायाचा."

राज्य गेलं तरी नावं गेली नव्हती. घरातल्या प्रत्येकाला गाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडलेली नावं. आणि राज्य गेल्याचंही नव्हतं इतकं दुःख त्या घरात वेगळ्याच गोष्टीचं होतं. मेमसाहेबांची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. दोन्ही गोरीपान, दोन्ही धष्टपुष्ट. रात्री चांगली, सकाळी थंड. तिसरा मुलगा झाला तेव्हा वाड्याकडून कुठल्या तरी संताचं पदक आलं, मोठे डॉक्टर येऊन गेले, पण मेमसाहेब पाळण्याजवळून हलेनात. त्या मुलाचा श्वास मोजत बसायच्या. जेवण तसंच परत जायचं.

तेव्हा भामाकाकूंनी त्यांना कोंड्याचं सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी. राजघराण्यातल्या त्या बाईने स्वतःच्या हाताने आपलं बाळ सुपात घातलं आणि बंगल्यामागे, जिथे काशिराम पालापाचोळा टाकायचा तिथे नेऊन ठेवलं. काकूंनी ते उचललं. कोंडा दिला. रिवाजाप्रमाणे काही दिवस आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि मग सांभाळायला म्हणून आईकडे सोपवलं. नाकपुडीला भोक पाडलं. नाव ठेवलं कोंड्या. लांबलचक नावाच्या शेवटी तोही एक डबा जोडला गेला.

मुलगा जगला. पण तो काकूंच्या खोलीत होता तेव्हा त्यांचा स्वतःचा आनंदा, तोही अंगावर पिणारा, तापाने फणफणला. त्याला झटके आले. दात घट्ट बसले, डोळे फिरले. काशिरामने त्याला उचलून दवाखान्यात पळवलं. आनंदा वाचला, पण काकूंच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. कोंड्या ज्या घरचा, त्या घराकडे ती बघते. ती म्हणजे कोण, हे काकू कधीच बोलत नसत. नुसत्या आढ्याकडे डोळे करायच्या. आणि मग आमच्यासारखे टवाळसुद्धा आढ्याकडे बघायचे.

कोंड्या सहा वर्षांचा होईपर्यंत काकू रोज रात्री दोन्ही मुलांच्या अंगाला हात लावून मगच झोपायच्या, एक आपल्या खोलीत, एक बंगल्यात. मग साहेबाची बदली मायदेशी झाली. निघायच्या दिवशी सामान बांधलेलं, स्वयंपाकघर रिकामं, दारात गाडी. मेमसाहेबांना आठवलं, मुलगा परत विकत घ्यायचा राहिला. कोंडा कुठून आणणार? त्यांनी गळ्याशी लावलेली सोन्याची पिन काढली. घराण्याची निशाणी, उडी मारणारं हरीण, डोळ्याच्या जागी लाल खडा. ती काकूंच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, माझ्या या मुलाची किंमत कोंडा नाही, भामा.

आणि तिथेच घात झाला. कोंड्यावर घेतलेलं पोर सोन्याला विकलं. वर जी कान देऊन बसलेली, तिला ओरडून सांगितल्यासारखं झालं, की हा कचरा नव्हे, हा लाखमोलाचा आहे. काकूंना ते त्याच क्षणी कळलं होतं. त्या नको म्हणू शकत होत्या. धावत जाऊन शेजारच्या बंगल्यातून मूठभर कोंडा आणू शकत होत्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आनंदाचे फिरलेले डोळे आले, आणि वाटलं, जाऊ दे, या पोराबरोबर ती बला पण समुद्रापार जाऊ दे. मूठ मिटली. गाडी गेली.

सोन्याच्या हरणाने कोणाचं भलं झालं आहे? काकूंनी ते ना अंगावर घातलं ना विकलं. जासईच्या जाड्या मिठाच्या बरणीत तळाशी पुरून ठेवलं, कारण मिठात पुरलेली बला हलत नाही असं त्यांच्या माहेरी मानतात. त्या बरणीतलं मीठ त्यांच्या घरात कोणी कधी खाल्लं नाही.

आता फोनकडे वळू. गल्लीत फोन आमच्याकडेच होता, आणि सगळ्यांनी आमचाच नंबर आपला म्हणून वाटलेला. एके दिवशी सकाळी घंटी वाजली.

"भामा हाय का? मी कोंड्या बोलतंय."

आवाज पुरुषाचा, चांगला घोगरा. मला वाटलं उरणकडचं कोणी असेल.

"कोण कोंड्या?"

"भामाचा कोंड्या. आय घरान हाय का?"

मी म्हटलं, "भामाकाकूंचा मुलगा आनंदा. तू कुठला उपटलास?"

"आनंदा माजा भाऊस. त्याना माजी गारी मोरली व्हती. लाल गारी."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळिशीकडे झुकलेला जर्मन राजपुत्र माझ्याशी मिठागरावरच्या सहा वर्षांच्या पोरासारखं बोलत होता. त्याचं मराठी बंगल्यामागच्या खोलीत जेवढं तयार झालं तेवढ्यावरच थांबलं होतं, ना वाढलं ना विसरलं. आता तो न्हावा-शेव्याच्या नव्या बंदरावर क्रेन उभ्या करायला आला होता. राजपुत्र पगारी इंजिनियर. जासईच्या कंटेनर यार्डात काकूंचा भाचा प्रणित कामाला होता. त्याच्या पायावर लोखंडी पाना पडला तेव्हा त्याने एक शिवी हासडली, तर मागून तिथे पाहणीला आलेल्या या गोऱ्याने तिच्याच बहिणीसारखी दुसरी शिवी घातली. प्रणित जखम विसरला. तिथून ओळख निघाली, आणि प्रणितने माझा नंबर दिला.

"बायको पन हाय संगती," तो म्हणाला. "पोटुशी हाय. पयले दोन गेले. आयला सांग, मना भेटाचा हाय."

पयले दोन गेले. हे शब्द माझ्या कानात अडकले. मी फोन बाजूला ठेवून काकूंना बोलवायला गेलो, ती बातमी गावभर करायच्या आनंदात. त्या भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, युवराजांचा फोन आहे. बायको घेऊन आलेत. दोन गेली म्हणे, आता तिसरं आहे."

काकूंच्या हातातली मेथीची जुडी सुटली. त्यांनी आढ्याकडे पाहिलं.

"त्याला सांग, भामा मेली."

"अहो, असं कसं सांगू?"

"तुला खोटा बोलाला शिकवाला लागतंय का? सांग, मेली."

मी फोनवर सांगितलं, काकू गावाला गेल्यात. राजपुत्र म्हणाला, "मी परत करीन," आणि तो करतच राहिला. रोज सकाळी. मी रोज काकूंना नव्या गावाला पाठवायचो. माझ्या हिशेबाने त्या आठवड्यात त्या मोऱ्याला, अलिबागला आणि एकदा नाशिकला जाऊन आल्या. प्रत्यक्षात त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या.

त्यांनी दाराला बिब्बा-मिरच्या बांधल्या. मग खिडकीला. तेल-पाण्याला जाणं बंद केलं. गल्लीतल्या दोन बाळंतिणी रडायला आल्या, तर आतूनच म्हणाल्या, "माजे हात नको तुमच्या पोरांना." अंकितालाही त्या जवळ घेईनात. ती पोर आजीच्या कुशीत झोपायची, तिला एकदम आईकडे ढकललं.

मी पहिल्यांदा चेष्टा केली. म्हटलं, "काकू, जर्मनीची फौज येतेय का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढचा विनोद गिळला. माणूस भिऊन ओरडतो, ते मी पाहिलं आहे. हे तसं नव्हतं. त्यांचे डोळे जागच्या जागी मागे सरकल्यासारखे दिसत होते.

रमाला त्या म्हणाल्या, "मेमसायबाची दोन गेली. आता याचीबी दोन गेली. सोना घेतला मी, रमा. सोन्याना पोर दाखवून दिला तिला. तिसरा पन नेल ती."

"मग त्याला भेटा आणि सोनं परत करा," रमा म्हणाली.

"परत केला तर सौदा मोडतंय. सौदा मोडला तर कोंड्या परत माजा. माजा झाला की ती हिकरं बगल." आणि त्यांनी अंकिताकडे बोट न दाखवता नुसती मान वळवली.

म्हणजे असं. हरीण बरणीत राहिलं तर त्या परक्या बाईच्या पोटातलं जाणार. हरीण परत दिलं तर धोका आपल्या घरात येणार. तुम्ही शहाणे असाल, हसाल. मीही शहाणा आहे, मला बँकेत पगार मिळतो. पण त्या खोलीत उभं राहून मला हसता आलं नाही.

त्यातच अंकिता तापली.

संध्याकाळी खेळून आली ती थरथरतच. अंगावर गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, आणि मग अंग असं भाजायला लागलं की जनीने हात मागे घेतला. आनंदा कामावरून तसाच धावत आला. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या. काकू कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. कोणाशी बोलेनात, पाणी पिईनात. मिठाची बरणी त्यांनी समोर ठेवली होती आणि त्या तिच्याकडे अशा बघत होत्या, की आत काही तरी जिवंत आहे. "फोन आला तवाच ती संगती आली," एवढंच एकदा म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दुपारी कोंड्या स्वतःच आला.

प्रणितने पत्ता दिला असावा. गल्लीच्या तोंडाशी धुळीने माखलेली जीप थांबली. राजपुत्र कधीही येईल म्हणून आशालताबाई रोज रेशमी साडी नेसत होत्या, त्या जिन्यातच थबकल्या. मुकुट नव्हता, तलवार नव्हती. उंच, पुढून टकलू, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला माणूस, ग्रीसचे डाग पडलेली पँट. उजव्या नाकपुडीवर मात्र जुन्या भोकाचा बारीक खळगा होता. तो पाहून गल्लीतल्या पोरांनी आपापली नाकं चाचपली. मागे त्याची बायको, हान्ना. सातवा महिना असेल. एक हात कमरेला, दुसऱ्याने सावली धरलेली.

काकूंचं दार बंद.

तो पायरीवर बसला. गुडघे पार हनुवटीला लागले.

"आय, दार उघर."

आतून कोणी तरी दाराला पाठ लावून बसल्याचा आवाज आला.

"आय, मी कोंड्या."

"कोन कोंड्या? मी नाय वलखत," आतून रडका आवाज आला.

"मंग ररतेस कनाला?"

मग काकू दाराआडूनच बोलू लागल्या. सगळं सांगितलं. कोंडा, सोनं, मिटलेली मूठ, आनंदाचे झटके, आणि आता आत तापाने फणफणलेली अंकिता. म्हणाल्या, "तुज्या आयला मी नाय बोलाला पायजेल व्हता. मी नाय बोलली. तुजी दोन पोरां माज्या मुठीन गेली. आता तू हितं आला, तर माजी नात तापली. मना सांग, मी कोनाला वाचवू?"

तो ऐकत होता. मध्येच बायकोकडे वळून तो तिच्या भाषेत काही सांगायचा, आणि तिचा चेहरा उतरत जायचा. तिला ही गोष्ट आधी माहीत नव्हती, हे उघड दिसत होतं. तिने पोटावर हात असा घट्ट ठेवला, की मी नजर वळवली.

त्याने नाकपुडीवरच्या खळग्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आमची आय मरेतवर घाबरायची. मी शिंकलो तरी घाबरायची. माज्या खोलीन सूप ठेवलेला व्हता तिना, खिलीवर. पावने इचारायचे ह्या काय." तो उठला. पँट झटकली. "मी जातंय, आय. पोरीला बरा वाटू दे. तू सोना ठेव. आमचा काय व्हायाचा ते आमी बगू."

त्याने बायकोचा हात धरला आणि तो खरंच चालू लागला. तिला घाईने चालवत नव्हतं. आम्ही दोन्ही बाजूंना उभे, पण एकालाही थांब म्हणवेना. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ दे. अंकिता आमच्या डोळ्यांपुढची पोर. तो उद्या विमानात बसणार. काकूंची मूठ एकदा मिटली होती ती कशी, हे मला त्या क्षणी अगदी बरोबर कळलं.

दाराची कडी वाजली.

काकू उंबऱ्यात आल्या. हातात बरणी. "थांब," म्हणाल्या. पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मागे खाटेवर अंकिता कण्हत होती आणि काकूंची मान एकदा आत, एकदा बाहेर होत होती.

मागून जनी आली. तिचेही ओठ पांढरे पडले होते. तिने सासूकडे पाहिलं, मग उन्हात उभ्या असलेल्या त्या जड पोटाच्या बाईकडे पाहिलं, आणि आत जाऊन सूप घेऊन आली. त्यात तांदळाचा कोंडा होता. शेजारच्या म्हशीसाठी घरात साठवलेला असतो, तोच.

"आत्या, ताप मच्छराचा हाय," ती म्हणाली. "रगताचा कागद आला सकाली. भाऊजी काय जर्मनीहून मच्छर घेऊन आले नाय."

"आनि वाईट झाला तर?"

"झाला तर मी तुमाला बोलनार नाय," जनी म्हणाली. पण म्हणताना तिने आत खाटेकडे पाहिलं.

काकूंनी बरणीत कोपरापर्यंत हात घातला. हरीण बाहेर आलं तेव्हा मिठाने पांढरं झालं होतं, फक्त लाल डोळा तेवढा तसाच. त्यांनी ते हान्नाच्या हातात दिलं आणि तिची बोटं मिटवली. "इकला नाय," म्हणाल्या. मग कोंड्याला सुपात पाय ठेवायला सांगितलं. आता साडेसहा फुटी राजपुत्र सुपात मावायचा कसा? त्याने बूट काढला, मोजा काढला, आणि एक लालभडक पाऊल कोंड्यात ठेवून बगळ्यासारखा उभा राहिला. तोल जाऊ लागला म्हणून खांद्याला मी आधार दिला. आयुष्यात राजघराण्याला माझा झालेला उपयोग एवढाच.

काकूंनी तो कोंडा ओंजळीने उचलून उकिरड्यावर फेकला. "कोंड्या माजा. कोनाला दिलेला नाय, कोनाला देनार नाय." हे त्यांनी आढ्याकडे बघून नव्हे, सरळ आभाळाकडे बघून म्हटलं. मग त्या हान्नाच्या पोटाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "काय हा काला धोंडा. नकटा. शेंबडा. कोन घेल याला."

"काय म्हणाल्या?" तिने नवऱ्याला विचारलं असावं, कारण त्याने भाषांतर केलं, आणि ती बाई दचकून मागे सरली. मग त्याने आणखी काही सांगितलं, तेव्हा हरणाची मूठ तोंडावर धरून तिथेच रडायला लागली. जनीने तिला हाताला धरून आत नेलं आणि पाटावर बसवून पाणी दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. अंकिताचा ताप उतरला नाही. उतरायचा, पुन्हा चढायचा. एका दुपारी ती बरळायला लागली तेव्हा काकूंनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. जनीने शब्द दिला होता, ती त्यांना काही बोलली नाही. पण ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. आनंदा दोघींच्या मध्ये नुसता बसून राहायचा. कोंड्या रोज फोन करायचा. "पोरीचा ताप?" एवढंच विचारायचा, आणि मी आकडा सांगितला की तोच आकडा तो हान्नाला तिच्या भाषेत सांगताना ऐकू यायचा. आता मला कोणाला कुठल्या गावाला पाठवावं लागत नव्हतं.

गोळ्या बदलल्या. ताप हळूहळू हटला. अंकिताचे केस गळाले, पाय काटक्या झाले, पण तिने एके सकाळी भाकरी मागितली, आणि ती जनीने आधी सासूच्या हातात दिली. पोरीला भरवायला.

कोंड्या आणि हान्ना मायदेशी गेले. मग काही आठवडे कुठलीच खबर नाही. फोन वाजला की गल्लीतल्या बायका कामं सोडून आमच्या दारात यायच्या, आणि तो निघायचा माझ्या बँकेचा. काकू तर आमच्याच ओट्यावर बसायच्या. रिसीव्हरकडे पूर्वी बरणीकडे बघायच्या तशाच बघायच्या.

शेवटी आला. काकूंनी तो कानापासून हातभर लांब धरला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आय, पोरगी झाली."

"कशी हाय?" काकूंनी डोळे मिटून विचारलं.

"आय, लय..." तो थांबला. त्याला आठवलं. "लय काली हाय. माकराच्या पोरावानी."

"नाक?"

"नकटा."

"बरा," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. "नाव काय ठेवला?"

त्याने नावं सांगायला सुरुवात केली. एकामागे एक डबे, कर्जतवरून घाट चढणाऱ्या मालगाडीसारखे.

"आनि?" काकूंनी विचारलं.

"आनि धोंडी."

मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

मला वाटलं, आता त्या हसतील, पेढे मागवतील. कसलं काय. तशाच उठल्या, घरी जाऊन अंकिताच्या कपाळाला हात लावून आल्या, आणि दाराच्या सुकलेल्या बिब्ब्याच्या जागी नवा बांधायला घेतला. आता एक नाही, दोन बांधत होत्या. मला राहवेना. म्हटलं, "काकू, तीस वर्षं सांभाळलेलं सोनं दिलंत, कोंडा उकिरड्यावर फेकलात, राजपुत्र विमानाने गेला. या सौद्यात तुम्हाला मिळालं काय?"

त्यांनी गाठ दातांनी आवळली आणि म्हणाल्या, "भीती मिलाली ना, दोन घरांची. ती आपल्याच पोरांसाठी वाटते, गुरुदत्ता. तुजा स्वानंद दोनदा स्कूटरवरून पडला, मी दोनी टायमाला निवांत झोपली."